राहून गेलेलं गाव

नीरजानं पुण्यात फ्लॅट घेतला आणि धम्मरत्न हिवराळे गुरुजींच्या मोबाइलवर त्याचा पत्ता पाठवला. पत्ता म्हणजे एक निळी ओळ. गुरुजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं तसा नकाशा उघडला, आणि लेकीनं सांगितल्याप्रमाणे कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट ठेवलं तसा नकाशाचा फोटो झाला. आकाशातून काढलेला. गच्च्या, गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या, मुंगीएवढ्या मोटारी.

"आमच्या गच्चीवर सोलर दिसतं का बाबा?" नीरजानं विचारलं.

"दिसलं," गुरुजी म्हणाले. त्यांना दिसलं नव्हतं. पण दिसलं म्हटल्यावर लेक खूश झाली.

गुरुजींना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पस्तीस वर्षांची नोकरी, आठ बदल्या, सगळ्या बुलडाणा जिल्ह्यातच, आणि शेवटी मलकापूरला रेल्वेच्या पुलापलीकडे तीन खोल्यांचं घर. घरात आता ते आणि पत्नी महामाया, दोघंच. सकाळी विहारात जाऊन यायचं, पेपर वाचायचा, जेवण झालं की दिवाणावर पडायचं. मालगाडी गेली की स्वयंपाकघरातली भांड्यांची फळी थरथरायची. दोघांनाही ते आता ऐकू येत नसे.

गुरुजींना लोक खंबीर माणूस म्हणत. आई गेली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. नीरजाच्या लग्नात मंडपातली परकी माणसंसुद्धा रडली, गुरुजी आचाऱ्याशी हिशेबाचं बोलत उभे होते. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी रडवायचा बराच प्रयत्न केला. भगवानराव मुख्याध्यापकांनी तर स्वतःच रडून दाखवलं. गुरुजी आभार मानून खाली बसले. खंबीर वगैरे काही नव्हतं ते. त्यांना वाटतच नसे काही. तोंडात सुन्न पडलेल्या दाढेसारखं होतं. जीभ लावली तर दाढ आहे, एवढंच कळायचं.

नीरजाचा फ्लॅट पाहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तोच फोटो बोटानं सरकवत सरकवत मलकापूरपर्यंत आणला. बराच वेळ लागला. मग त्यांना आपल्या घराचं पत्र्याचं छप्पर सापडलं, आणि छपरावर ठेवलेली जुनी सायकलसुद्धा, एक काळी रेघ. दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याला दिलेली. म्हणजे फोटो त्याआधीचा होता.

त्यानंतर त्यांना नादच लागला. नोकरीत जिथं जिथं राहिले ती एकेक गावं ते शोधू लागले. नांदुऱ्याची भाड्याची खोली सापडली नाही, तिथं आता मंगल कार्यालय होतं. सोनाळ्याच्या शाळेला नवा मजला चढला होता. संग्रामपूरला पंचायत समितीच्या मागं ते सहा वर्षं राहिले, तिथली गल्ली जशीच्या तशी होती.

"अवं, हे पाय," त्यांनी महामायेला हाक मारली. "संग्रामपूरची खोली."

महामाया पदराला हात पुसत आली. चष्मा नाकावर घेतला, मोबाइल लांब धरला. "हे काय, छप्पर हाये फक्त."

"वरून काढलेला फोटू. छप्परच दिसणार."

"आन् हे? हे वंदनाचं घर! इथीच तं होतं ते बोरिंग. इथं ती पाण्यावरून भांडे माह्यासंगं." महामाया खाली बसली. "मांगं सरकवा बरं थोडं. शेवग्याचं झाड हाये का पाहा."

शेवगा नव्हता. पण तेवढ्यावरून तिनं अर्धा तास काढला. वंदनाचा नवरा, वंदनाच्या सासूची गोधडी, नीरजाला निघालेल्या कांजिण्या. गुरुजी ऐकत राहिले. तिला सगळं आठवत होतं आणि आठवून बरं वाटत होतं, ते त्यांना दिसत होतं. त्यांना स्वतःला ते छप्पर म्हणजे छप्परच दिसत होतं.

मग रोज जेवण झालं की महामायाच म्हणू लागली, "आज कोनतं गाव?" आणि गुरुजी दाखवू लागले. आठवडाभर चाललं. सात गावं झाली. आठव्या दिवशी गुरुजींनी पुन्हा संग्रामपूरच काढलं.

"हे झालं," महामाया म्हणाली.

"मंग सोनाळा पाहू."

"तेही झालं." तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "सारे गावं दाखवले. बोरझिरी नाई दाखवली."

गुरुजींनी मोबाइलवरून नजर काढली नाही. "बोरझिरी आता कुठं हाये? उठवलं ते गाव. जंगलात गेलं."

"गाव उठलं. जागा उठते का?"

महामाया उठून आत गेली आणि गव्हातले खडे निवडत बसली.

बोरझिरी हे सातपुड्याच्या पोटातलं तीस-पस्तीस घरांचं गाव होतं. सोनाळ्यापासून चौदा किलोमीटर आत, मधे दोन नाले. एकशिक्षकी शाळा, तिला पाणी भरायला गावातला पुंजाजी. लग्नानंतर तीन वर्षांनी गुरुजींची तिथं बदली झाली तेव्हा त्यांच्या जवळ चार महिन्यांचा मुलगा होता, अश्वजित. शाळेला लागूनच एक खोली होती, तिथं ते राहत. ब्याण्णव साली फेब्रुवारीत जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि गुरुजींना मतदान केंद्रावर कामाला बोलावलं. गुरुवारी ते पायी सोनाळ्याला आणि तिथून संग्रामपूरला गेले. सोमवारी दुपारी परत आले. नाल्यापाशी गुरं चारणारा एक माणूस भेटला. त्यानं डोक्याचा रुमाल काढला आणि सांगितलं, गुरुजी, लेकरू गेलं. ताप आला आणि एका दिवसात गेलं. पुरलं. आणि त्यानं नाल्याच्या काठच्या मोहाच्या झाडाकडं हात केला. गावातली लहान मुलं तिथंच पुरत.

गुरुजी त्या मोहाच्या दिशेनं चार पावलं गेले होते. पुढं पाय उचलला नाही. मग ते वळून घरी गेले. महामाया सुपात ज्वारी घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं. गुरुजी म्हणाले, "मी बदलीचा अर्ज करतो." ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शाळा उघडली. एकोणीस पोरं आली होती. त्यांनी हजेरी घेतली आणि सतराचा पाढा शिकवला. चार महिन्यांनी, जूनमध्ये, बदलीचा हुकूम आला. दोन वर्षांनी नीरजा झाली. अश्वजितचं नाव त्यानंतर त्या घरात कुणी घेतलं नाही. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. नाव घेतलं गेलं नाही, एवढंच.

संध्याकाळी गुरुजींनी एकट्यानं मोबाइल काढला आणि सोनाळ्यापासून उत्तरेला बोट सरकवायला सुरुवात केली. शेतं संपली, डोंगर लागले. गावाचं नाव नकाशावर नव्हतंच. पण नाला होता. नाल्याची वळणं त्यांच्या पायांना माहीत होती. पहिला नाला, मग चढ, मग दुसरा नाला, तो उजवीकडं वळतो तिथं गाव. फोटो उन्हाळ्यातला असावा, सागाची पानं गळलेली होती आणि खालची जमीन उघडी पडली होती. घरं नव्हती. घरांच्या जागी फिकट ठिगळं होती. एक काळा ठिपका दिसला, ती विहीर. विहिरीपासून बोटभर अंतरावर एक पांढुरका चौकोन होता. शाळेचा चौथरा.

ते बराच वेळ पाहत बसले. काही वाटतं का म्हणून थांबले. दाढ होती तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःहून मोबाइल महामायेसमोर धरला. "ही बोरझिरी."

तिनं चष्मा लावला. मोबाइल जवळ घेतला, मग लांब धरला. मग म्हणाली, "हिर दिसते."

"हो. आन् ही शाळा. आन् हा नाला." गुरुजींनी बोट नाल्याच्या वळणावर नेलं. तिथं एक गोल, काळसर झाड होतं. "हा मोह असंल."

"असंल."

"इथीच ना..." गुरुजींचं वाक्य तिथंच थांबलं. तेहतीस वर्षांत ते या वाक्याच्या इतक्या जवळ कधी आले नव्हते. "इथीच ठेवलं ना अश्वजितले?"

महामायेनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. तिला राग आल्यासारखं दिसलं नाही. नवल वाटल्यासारखं दिसलं.

"तिथं नाई," ती म्हणाली.

"मले त्या ढोरक्यानं सांगतलं होतं. मोहाखाली म्हणून."

"तो ढोरं घेऊन रानात होता, त्याले काय मालूम. तिथंच खांदणार होते. पन आधल्या महिन्यात तिथून तरसानं एक लेकरू उकरलं होतं. मंग पुंजाजी म्हणे, गुरुजीचं लेकरू तिथं नको. शाळेच्या मांगं ठेवू. दगडाची भिंत हाये, मानसाची वर्दळ हाये, जनावर येत नाई." तिनं मोबाइल हातात घेतला. तिचं बोट जाड होतं, चौकोन सगळा झाकला गेला. मग तिनं बोट जरा बाजूला घेतलं. "इथं. फळ्याच्या भिंतीच्या मांगं. तुम्ही पोरायसंगं मेथी लावली होती ना, माती भुसभुशीत होती, तिथं."

गुरुजींनी विचारलं, "फळ्याच्या?"

"हो."

"म्हणजे मी शिकवत होतो तवा..."

"हो."

मालगाडी आली. फळी थरथरली. गाडी लांबलचक होती, ती संपेपर्यंत दोघं थांबले.

"तिथं दगडाचा ढीग होता," गुरुजी म्हणाले. "मले वाटलं, मेथीच्या वाफ्यासाठी पोरांनी जमवले."

"पोरांनीच जमवले होते. एकेक करून."

गुरुजींना आणखी एक गोष्ट आठवली. त्या फेब्रुवारीनंतर शाळेतली पोरं लघवीला शाळेच्या मागं जायची बंद झाली होती. पार नाल्यापर्यंत जाऊन यायची. गुरुजींना वाटलं, आपला स्वच्छतेचा धडा लागू पडला. एप्रिलमध्ये तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी हे कौतुकानं सांगितलंही होतं, आणि साहेबांनी शेरेबुकात लिहिलं होतं, विद्यार्थ्यांना स्वच्छतेच्या चांगल्या सवयी लावल्या आहेत. एकोणीसच्या एकोणीस पोरांना माहीत होतं. पहिलीतल्यांनासुद्धा.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही इचारलं नाई." महामाया साधेपणानं म्हणाली. "मले वाटलं, तुमाले सोसवत नसंल. मंग गंज दिवस झाले. मंग मले वाटलं, माहीत असंल." मग थोड्या वेळानं म्हणाली, "दुपारची मी तिथं जाऊन बसत होती. तुमचा पाढ्याचा आवाज भिंतीतून आयकू ये."

गुरुजी उठले. पायात चपला घातल्या आणि दूध आणायला गेले. दुधाची वेळ झाली नव्हती. डेअरी बंद होती. ते बंद दारासमोर पायरीवर बसून राहिले, आणि डेअरी उघडल्यावर दूध घेऊन घरी आले.

पुढचे आठ-दहा दिवस कुणी त्यावर बोललं नाही. गुरुजी मात्र रोज तो चौकोन उघडून पाहत. मोठा करत गेलं की चौकोन फुटून नुसते तपकिरी ठिपके उरत. भिंत अशी दिसत नव्हतीच. भिंतीच्या मागं म्हणजे नक्की कोणता ठिपका, ते कुणालाच सांगता आलं नसतं. जंगलात आता आत सोडत नाहीत, हेही त्यांना माहीत होतं. चौकीवर गाडी अडवतात आणि आत फक्त वाघ पाहायला आलेल्यांच्या जिपा जातात, त्याही ठरलेल्या वाटेनं.

एका सकाळी ते म्हणाले, "पुंजाजी हाये का जिता?"

"हाये ना. नव्या गावात राह्यते, सुनंजवळ. मांगच्या साली सोनाळ्याच्या बायका भेटल्या होत्या, त्या म्हणत होत्या."

"जाऊन येऊ."

महामायेनं काऊन म्हणून विचारलं नाही. तिनं भाकरी आणि ठेचा बांधून घेतला. नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर करत ते दुपारी बारा वाजता सोनाळ्याला उतरले, आणि तिथून ऑटोनं नव्या बोरझिरीला.

नवं गाव पायथ्याशी सपाट माळावर वसवलं होतं. सारख्या मापाचे प्लॉट, सरळ रस्ते, विजेचे खांब, कुठलंही घर कुठल्याही घरासारखं. पुंजाजी अंगणात बाजेवर बसला होता. बोरझिरीत असताना गावातली बैलगाडीही त्याचीच होती. आता ऐंशीच्या वर गेला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन करूनही त्याला धड दिसत नव्हतं. पण महामाया "राम राम पुंजाजीदादा" म्हणाली तशी त्यानं मान वर केली.

"मास्तरीनबाई," तो म्हणाला. "आवाज वयखला. गुरुजी आले का संगं?"

"आलो," गुरुजी म्हणाले.

"बसा. शालू, च्या ठेव वं."

शालूबाई म्हणजे त्याची सून. तिनं बिनदुधाचा चहा आणला, बसायला पोतं टाकलं. पुंजाजीनं पीकपाणी विचारलं, पोरीचं विचारलं, किती नातवंडं ते विचारलं. गुरुजींनी मोबाइल काढला आणि बोरझिरीचा फोटो त्याच्यासमोर धरला.

पुंजाजीनं डोळे बारीक केले. "हे तं सारं भुरं दिसून राह्यलं."

शालूबाई डोकावली. "हे का जी?"

"आपलं जुनं गाव. आकाशातून." गुरुजींनी विहीर दाखवली, शाळा दाखवली.

"आन् हे नवं गाव दिसते का?"

गुरुजींनी फोटो खाली सरकवला. सरळ रस्ते आले, चौकोनी प्लॉट आले. शालूबाईनं एक, दोन, तीन करत खांब मोजले आणि ओरडली, "हे आमचं! हे पाहा, आमचे कांदे वाळू घातलेले!" छपरावर खरंच गुलाबी-पांढरा डाग होता. ती मोबाइल घेऊन शेजारणीकडं धावली, आणि दहा मिनिटं तो परत आला नाही. रस्त्यावरून बायकांचा गलका ऐकू येत राहिला. महामाया पदर तोंडाला लावून हसली.

गलका दूर होता तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "पुंजाजी, मले मालूम नव्हतं. शाळेच्या मांगं ठेवलं ते."

पुंजाजीनं कानामागं हात धरला. गुरुजींना तेच पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.

"अरे बाप्पा," पुंजाजी म्हणाला. "मंग आम्हाले वाटलं, गुरुजी कसा घट मानूस हाये. भिंतीआड लेकरू हाये आन् पाढे शिकवून राह्यला."

"घट नव्हतो."

"तुम्ही गेले तरी आम्ही सोडलं नाई त्याले," पुंजाजी सांगू लागला. "आखाजीले आपल्या घरच्या मानसायले पानी देतो ना, तसं त्याच्या नावानं एक गडू ठेवत होतो. तुमच्यात चालते का नाई मालूम नाई. पन लेकरू आमच्या गावात होतं, म्हनून देल्लं. वीस वर्सं देल्लं. गाव उठेपर्यंत."

गुरुजींच्या घरी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला मेलेल्यांना पाणी देणं, करत नसत. बाबासाहेबांच्या मागं निघालेल्या त्यांच्या वडिलांनी ते सगळं सोडून दिलं होतं. "चालते," गुरुजी म्हणाले.

"उठताना ज्यानं त्यानं आपआपलं आनलं. कोनी देव आनले, कोनी कवाडं आनले. तुमच्या लेकराचं काय कराव? तुमाले इचारल्याबिगर हालवता येत नाई, आन् तुमचा पत्ता कोनापाशी नाई. मंग ठेवलं तसंच. शाळा पाडाले ते मशीन आलं तवा मी त्याले म्हटलं, बाबू, या अंगानं नको येऊ, त्या अंगानं ये. आयकलं त्यानं."

शालूबाई मोबाइल घेऊन परत आली. सगळ्या गल्लीनं आपापली छपरं पाहून घेतली होती आणि पडद्यावर हळदीचा एक ठसा उमटला होता. निघताना तिनं महामायेला पिशवीभर कांदे दिले. पुंजाजी बाजेवरून उठला नाही. गुरुजी खाली वाकले आणि त्यांनी त्याच्या पायांना हात लावला. पुंजाजीनं पाय मागं घेतले. "गुरुजी, हे काय करता," तो म्हणाला. नोकरीत असताना गुरुजींनी त्याला अरे-तुरे केलं होतं, पगाराच्या दिवशी दोन रुपये चहाला दिले होते, एवढंच.

सोनाळ्याच्या स्टँडवर बस यायला अजून तासभर होता. दोघं सिमेंटच्या बाकावर बसली. भाकरी सोडली, पण गुरुजींना खावंसं वाटलं नाही. महामाया खात होती. तिचं खाऊन होईपर्यंत ते थांबले. मग समोर पाहत म्हणाले, "काय झालं होतं त्या दिवशी? सांग."

तिनं पाण्याची बाटली उघडली, हात धुतले, तोंड पुसलं.

"शुक्रवारी राती ताप आला," ती म्हणाली. "मी मिठाच्या पान्याच्या पट्ट्या ठेवल्या. शनवारी सकाळी अंग उदबत्तीवानी. छाती भात्यासारखी हाले. पुंजाजीनं गाडी जुपली. म्हणे, सोनाळ्याले नेऊ, डाक्टर पाहीन. मी मांडीवर घेऊन बसली. पहिला नाला गेला. दुसऱ्या नाल्याच्या उतारावर छातीचं हालनं थांबलं."

गुरुजी ऐकत होते.

"मी पुंजाजीले सांगतलं नाई. सांगतलं असतं तं त्यानं गाडी वळवली असती. मले वाटे, बैल चालून राह्यले तोवर चालू द्या. चालून राह्यलो म्हणजे दवाखान्यात जाऊन राह्यलो. मी तोंडावरून दुपटं सारखं करत होती, माशा बसू नये म्हणून. मंग पुंजाजीनं मांगं पाह्यलं. त्याले समजलं. तोही बोलला नाई. त्यानंही गाडी चालूच ठेवली."

"कुठलोक?"

"हरभऱ्याचे वावरं लागेलोक. तिथं त्यानं बैल सोडले, पानी दाखवलं, मले घोटभर पाजलं. मंग जुपले आन् वळवले." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "त्याच्या तोंडून आजलोक ते निंगलं नाई. आजही नाई."

एक बस आली. ती शेगावची होती. माणसं उतरली, चढली, ती गेली.

"आन् तुम्ही?" महामायेनं विचारलं. "तुम्ही कधी निघाले संग्रामपूरवरून?"

हाच प्रश्न होता. याच प्रश्नाच्या भीतीनं गुरुजींनी तेहतीस वर्षं काही विचारलं नव्हतं. आपण विचारलं तर तीही विचारणार.

"पेट्या शनवारी राती जमा झाल्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज अहवाल वाचल्यासारखा निघत होता. "रविवारी सकाळी आम्हाले मोकळं केलं. मी रविवारी येऊ शकत होतो. बाकीचे मास्तर म्हणाले, व्हिडिओवर सिनेमा लागला हाये, राहून जा. मी राह्यलो. सोमवारी सकाळी निघालो." मग ते म्हणाले, "तू माही वाट पाह्यली असशीन. रविवारभर."

"कोनता सिनेमा होता?"

गुरुजींनी आठवून पाहिलं. "आठवत नाई. मारामारीचा होता."

महामायेनं मान हलवली. राग नव्हता, माफीही नव्हती. एखादी वस्तू कुठं ठेवली होती ते कळावं तशी हलवली.

"रातभर पाह्यली वाट," ती म्हणाली. "पुंजाजीनं मानूस पाठवला होता संग्रामपूरले. पन तुम्ही कोन्या गावाच्या मतदानावर होते ते त्याले कोनी सांगतलं नाई. रविवारी उन्हं पडाच्या आंधी ठेवलं. तुम्ही रविवारी सकाळी मोकळे झाले म्हणता. मंग सिनेमा पाह्यला काय, नाई पाह्यला काय. नसतं भेटलं."

गुरुजींनी मनात हिशेब केला. शनिवारी रात्री पेट्या. रात्रीचं जंगलातून कोण येतं. रविवारी सकाळी सात, पायी, चौदा किलोमीटर आत. हिशेब बरोबर होता. नसतं भेटलं. हे कळायला एक प्रश्न विचारावा लागला असता.

त्यांना वाटलं, आता काहीतरी होईल. छातीत काही हललं नाही. त्यांनी भाकरीचं फडकं मांडीवर घेतलं, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. घडी बसेना. महामायेनं पाहिलं. तिनं फडकं घेतलं नाही. दोघांच्या मधे ठेवलेली कांद्यांची पिशवी उचलून पलीकडं केली आणि जरा जवळ सरकून बसली.

"दुपटं कोनतं होतं?" गुरुजींनी विचारलं.

"पिवळं. तुमच्या मायनं शिवलेलं."

"मंग?"

"मंग काय?"

"वळल्यावर. परत येताना. ते सांग."

संग्रामपूरची बस स्टँडात शिरत होती. महामायेनं तिच्याकडं एकदा पाहिलं, आणि मग पाठ बाकाला टेकवली. "ही जाऊ द्या," ती म्हणाली. "दुसरी येते चार वाजता." आणि ती परतीच्या वाटेचं सांगू लागली, हरभऱ्याच्या वावरापासून.